लॅपटॉपचं हार्डवेअर बिघडलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न लोक जसे विचारतात तसेच ठेवले आहेत. उत्तरं मुख्यतः विंडोज लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. मॅकबुकचं काही वेगळं असेल तिथे तसं लिहिलं आहे. सगळ्या उत्तरांमागे हट्ट एकच: बिघाड नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत कुठलाही भाग बदलायचा नाही. आणि डेटा धोक्यात असेल तर आधी डेटा, मग लॅपटॉप.

बिघाड हार्डवेअरचा की विंडोजचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

विंडोजच्या बाहेर जाऊन बघायचं. लॅपटॉप सुरू होताना एफ२, डिलीट, एफ१० किंवा एस्केप यांपैकी एखादी की दाबली की बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामचा, सेटअप उघडतो (कंपनीनुसार की बदलते). तिथे विंडोज अजून आलेलंच नसतं. स्क्रीनवरच्या रेघा तिथेही दिसत असतील, कीबोर्डची तीच बटणं तिथेही मुकी असतील किंवा लॅपटॉप नुसत्या बायोसमध्ये बसून राहिला तरी बंद पडत असेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही होणार नाही. उलट बायोसमध्ये तासभर सगळं सुरळीत आणि विंडोजमध्ये गेल्यावर गोंधळ, असं असेल तर आधी ड्रायव्हरकडे, म्हणजे एकेक भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरकडे बघा.

दुसरी चाचणी याहून जास्त खात्रीची. पेनड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स घ्या आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवा. वाय-फाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा तिथे नीट चालले तर ते भाग शाबूत आहेत असं समजायला हरकत नाही. अगदी नवीन मॉडेलच्या एखाद्या भागाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये नसू शकतो, एवढं मात्र लक्षात ठेवा.

बऱ्याच कंपन्या स्वतःची तपासणीही आत देतात. एचपीमध्ये सुरू होताना एफ२, डेलमध्ये एफ१२ दाबून येणाऱ्या यादीत डायग्नॉस्टिक्स. इंटेलच्या मॅकबुकमध्ये सुरू करताना डी दाबून धरायचं. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये पॉवर बटण पर्याय दिसेपर्यंत दाबून ठेवायचं आणि मग कमांड-डी. तिथे जो एरर कोड येईल त्याचा फोटो काढून ठेवा. वॉरंटीत दावा करताना तो उपयोगी पडतो.

‘शटडाउन करून पुन्हा सुरू केला’ तरी फरक नाही. मग ‘रीस्टार्ट’ करून काय होणार?

होतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं तेव्हा शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. म्हणजे कालचा अडकलेला ड्रायव्हर आजही अडकलेलाच. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउनवर क्लिक केलं तरी पूर्ण बंद होतो.

बटण दाबलं तर काहीच होत नाही. लाइटसुद्धा लागत नाही.

आधी सॉकेट तपासा. दुसरं काहीतरी त्याच सॉकेटला लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण बंद असणं हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

मग साठलेला चार्ज काढून टाका. चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. नंतर फक्त चार्जर लावून सुरू करा. हा उपाय जादूटोण्यासारखा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. पॉवर, चार्जिंग, कीबोर्ड आणि पंखा सांभाळणारा एक छोटा कंट्रोलर मदरबोर्डवर कायम जागा असतो. तो मध्येच अडकला की बटणाची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वीज पूर्ण तुटली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बॅटरी आत बंदिस्त असेल तर काही मॉडेलमध्ये खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं, ते याच कामासाठी.

एवढं करूनही हालचाल नसेल तर चार्जर संशयित. त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा दुसरा चार्जर लावून बघा. त्यानेही काही झालं नाही, तर पुढचं काम मल्टिमीटर हाती असलेल्या माणसाचं.

लाइट लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी आहे.

इथे घाई करू नका, कारण याच एका लक्षणामागे कारणं खूप आहेत आणि त्यातली निम्मी फुकटात सुटतात.

अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. अंधुक का होईना, चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे आणि गेलाय तो मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट किंवा त्याला वीज देणारा भाग. काहीच दिसलं नाही तर एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. तिथे चित्र आलं तर मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर ठीक आहेत. दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. विंडोज-पी दाबून ‘फक्त दुसरी स्क्रीन’ निवडलेली नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या. विंडोज चालू झाल्याचा आवाज येतो पण चित्र नाही, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कधी कधी तेवढ्याने काम होतं.

बाहेरच्या मॉनिटरवरही काही नसेल तर संशय रॅमवर. रॅम काढून, सोन्यासारखे चकाकणारे संपर्क कोरड्या स्वच्छ कापडाने हलके पुसून परत घट्ट बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून सुरू करा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. बीप वाजत असतील किंवा कॅप्स लॉकचा लाइट ठरावीक वेळा उघडझाप करत असेल तर ती संख्या मोजा. तो कोड असतो, आणि मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ दिलेला असतो.

डीडीआर५ (रॅमची डीडीआर४ नंतरची पिढी) रॅम नुकतीच बदलली असेल तर मात्र पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. मदरबोर्ड नव्या रॅमशी वेळ जुळवून घेत असतो. त्या काळात घाबरून बटण दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

एक गमतीचं कारणही सांगून ठेवतो. झाकण मिटलं की नाही हे ओळखायला लॅपटॉपमध्ये चुंबकाचा सेन्सर असतो. चुंबकाचा पट्टा असलेलं घड्याळ हातात घालून टाइप करत असाल किंवा एक लॅपटॉप दुसऱ्यावर ठेवून चालवत असाल, तर लॅपटॉपला झाकण मिटल्यासारखं वाटतं आणि स्क्रीन बंद होते. दुरुस्तीला नेल्यावर अर्थातच काही सापडत नाही.

झाकण पुढे-मागे केलं की चित्र थरथरतं किंवा रेघा येतात.

कोनावर अवलंबून असलेला बिघाड म्हणजे जवळजवळ नक्की डिस्प्लेची केबल. ती बिजागरीतून जाते आणि हजारो वेळा वाकते. केबल पॅनेलच्या मानाने फार स्वस्त असते, तेव्हा कुणी थेट पॅनेल बदलायला सांगत असेल तर ‘केबल तपासली का?’ असं आधी विचारा. कोन कुठलाही असो, एक उभी रेघ कायम त्याच जागी दिसत असेल आणि बाहेरच्या मॉनिटरवर दिसत नसेल, तर मात्र पॅनेलच.

‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं दाखवतो.

आकडा बघा. ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबलाय? मग बॅटरी जपण्याची मर्यादा चालू आहे. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये ती बंद करता येते. लॅपटॉप सतत टेबलावर असेल तर बंद करू नका, असंच मी म्हणेन.

मर्यादा नसेल तर चार्जरची क्षमता बघा. ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला ४५ वॅटचा चार्जर लावला तर तो कसाबसा चालतो, पण बॅटरीसाठी काही उरत नाही. गोल पिनच्या काही चार्जरमध्ये मधली बारीक पिन चार्जरची ओळख सांगते. डेलच्या चार्जरमध्ये ती असते. ती वाकली, तुटली किंवा तिची तार आतून गेली की लॅपटॉप ‘चार्जर ओळखता येत नाही’ म्हणतो, बॅटरी भरत नाही आणि वर वेगही कमी करतो. अशा वेळी लोक नवी बॅटरी घेऊन बसतात.

यूएसबी-सीच्या तोंडात कापडाचे तंतू आणि धूळ गच्च बसते. केबल पूर्ण आत जात नसेल तर लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कोरून काढा. सुई नको. पिन लावल्यावर जॅक आत डुगडुगत असेल तर मात्र चार्जर लावणं थांबवा. सैल जॅक ठिणग्या टाकतो, तापतो आणि शेवटी बोर्ड जाळतो.

कोणताही यूएसबी-सी चार्जर लावला तर चालेल का?

चांगल्या दर्जाचा असेल तर बिघडणार काही नाही, कारण पॉवर डिलिव्हरीमध्ये (यूएसबी-सीने चार्ज करायच्या ठरलेल्या पद्धतीत) लॅपटॉप आणि चार्जर आधी आपसात बोलून व्होल्टेज ठरवतात: ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट. भरेल की नाही, हा प्रश्न वेगळा. साध्या केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे फार तर ६० वॅट जातात. त्याहून जास्त हवं असेल तर ५ अँपिअरची, आत ओळखीची चिप असलेली केबल लागते. २०२१ साली आलेल्या पॉवर डिलिव्हरीच्या ३.१ आवृत्तीत ही मर्यादा १०० वॅटवरून २४० वॅटपर्यंत गेली, पण त्यासाठी चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिन्ही त्या ताकदीचे हवेत. चार्जर ठणठणीत आणि केबल मोबाइलबरोबर आलेली, हीच जोडी सर्वाधिक वेळा गोंधळ घालते. शिवाय लॅपटॉपचा प्रत्येक यूएसबी-सी पोर्ट चार्जिंगचा असतोच असं नाही. शेजारी प्लगचं किंवा विजेचं चिन्ह आहे का बघा.

गोल पिनचं तसं नाही. तिथे आपसात बोलून व्होल्टेज ठरवणं वगैरे काही नाही. चार्जरवर ‘आउटपुट’ पुढे लिहिलेलं व्होल्टेज (बहुधा १९, १९.५ किंवा २०) जुन्या चार्जरशी जुळलंच पाहिजे, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिन बसते म्हणून चार्जर चालतो, असं समजू नका.

बॅटरी अर्ध्या तासात संपते. बदलायची वेळ आली का?

अंदाज नको, आकडा घ्या. कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्यात इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा (स्पेलिंग: पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी). एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. पहिला आकडा ५०,००० आणि दुसरा ३१,००० असेल तर ६२ टक्के बॅटरी उरली आहे. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या बॅटरी विभागात ‘हेल्थ’ दिसते.

आकडा ८० टक्क्यांच्या वर आहे आणि तरीही अर्ध्या तासात संपते? मग बॅटरीला दोष देऊ नका. टास्क मॅनेजरमध्ये कोण प्रोसेसर खातंय ते शोधा. ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल तर मात्र एखादा सेल गेलेला असतो. ‘पूर्ण उतरवून पूर्ण भरा, सुधारेल’ हा सल्ला जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियम-आयनमध्ये त्याने टक्केवारीचा आकडा थोडा खरा होतो, क्षमता वाढत नाही.

टचपॅड वर आल्यासारखा वाटतो, खालचं कव्हर फुगलंय, झाकण नीट मिटत नाही.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, आणि हे पान पुढे वाचण्याआधी तो गादी-कागदांपासून दूर, दगडी किंवा फरशीच्या जागेवर ठेवा.

बॅटरी फुगली आहे. सेलच्या आत रसायनं विघटित होऊन वायू साठतो आणि पाकीट फुगतं. ते दाबून सपाट करणं, टोचून हवा काढणं किंवा ‘अजून चालतंय ना’ म्हणत चार्ज करत राहणं, तिन्हीमुळे आग लागू शकते. बॅटरी स्वतः उचकटून काढायचाही प्रयत्न करू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये ती गोंदाने चिकटवलेली असते आणि उचकटताना पाकीट वाकतं. काढून घेतल्यावर ती साध्या कचऱ्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. टचपॅडचं क्लिक अचानक जड झालं, तर बहुतेक लोक टचपॅडच बिघडला असं समजतात. खाली बॅटरी असते, हे माहीत असलं तर हे लक्षण लवकर पकडता येतं.

कायम चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते?

जास्त भरली जात नाही. सर्किट ते थांबवतं. पण लिथियम-आयनला १०० टक्के भरलेलं राहणं आणि उष्णता या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत, आणि टेबलावरच्या लॅपटॉपला दोन्ही एकदम मिळतात. ८० टक्क्यांची मर्यादा लावा आणि विसरून जा.

फार तापतो, पंखा ओरडतो आणि मधेच बंद पडतो.

‘फार’ म्हणजे किती ते आधी मोजा. एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत साधन प्रोसेसरचं तापमान दाखवतं. लॅपटॉपच्या बऱ्याच प्रोसेसरची वरची मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. तेव्हा जड गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करताना ९० दिसलं तर तो आजार नाही. काहीच चालू नसताना ८० दिसलं तर आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर लॅपटॉप तडकाफडकी बंद करतो. म्हणून ‘दहा मिनिटांनी स्लो होतो’ आणि ‘मधेच बंद पडतो’ ही दोन लक्षणं बरेचदा एकाच बिघाडाची असतात.

धूळ पंख्यात कमी आणि पंख्यापुढच्या पातळ तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांवर जास्त साठते. तिथे तिचा गोधडीसारखा थर होतो. पंखा जोरात फिरतो, आवाज करतो, पण हवा बाहेर पडतच नाही. बाहेर येणाऱ्या हवेवर हात धरून बघा: आवाज मोठा आणि झोत क्षीण असेल तर हेच. बाहेरून हवा मारली तर तो थर आतच सरकतो. कव्हर उघडून, पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने अडवून मगच हवा मारा. मोकळा पंखा हवेच्या जोराने नको इतका वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

सफाई करूनही फरक नाही आणि लॅपटॉप काही वर्षं जुना आहे, तर प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यातली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट सुकली असेल. ती बदलणं अवघड नाही, पण हीटसिंकचे स्क्रू त्यांच्यावर छापलेल्या क्रमाने आणि थोडे थोडे पिळायचे असतात. एका कोपऱ्यावर दाब आला तर चिपची कड तुटू शकते. लॅपटॉपखाली ठेवायचे पंख्याचे स्टँड लोक हौसेने घेतात. खालची जाळी मोकळी राहावी म्हणून मागची बाजू जरा उचलली तरी बहुतेक फायदा मिळतो. पांघरुणावर ठेवून चालवणं मात्र खरोखरच वाईट, कारण हवा आत घ्यायची जाळीच झाकली जाते.

रात्री झाकण मिटून बॅगेत ठेवला. सकाळी काढला तर गरम आणि बॅटरी संपलेली.

नवे लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत. मॉडर्न स्टँडबायमध्ये मोबाइलसारखे अर्धवट जागे राहतात. बॅगेत एखादं अपडेट सुरू झालं की उष्णतेला वाटच नसते. पॉवर सेटिंगमध्ये ‘झाकण मिटल्यावर’ पुढे स्लीपऐवजी हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होणं) निवडा. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, इतकंच.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येतोय.

बंद करा. ‘एकदा शेवटचं बघतो’ म्हणून पुन्हा सुरू करू नका. तो आवाज डिस्कवरचं वाचणारं डोकं जागा शोधताना पुन्हा पुन्हा अडकल्याचा असतो, आणि प्रत्येक वेळी चकतीवर ओरखडा उठण्याची शक्यता वाढते. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. बाहेर काढल्यावर चकत्यांवर दव धरतं.

आवाज नाही, पण फाइल उघडायला वेळ लागतो, कॉपी मधेच अडकते, असं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद बघा. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना त्रास देणारे. हे आकडे शून्याच्या वर असतील आणि आठवड्याला वाढत असतील तर आजच कॉपी काढा. एसएसडी, म्हणजे फिरणारी चकती नसलेली, चिपवर डेटा साठवणारी डिस्क, असा इशारा दर वेळी देत नाही. ती काल चालत असते आणि आज बायोसमध्ये दिसतच नाही.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं आलं. सगळं गेलं का?

आधी बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का बघा. दिसत नसेल तर ती काढून परत बसवा, एम.२ (पातळ पट्टीच्या आकाराची) एसएसडी एकाच स्क्रूवर टिकलेली असते आणि तो सैल झाला की ती सरकते. नाव दिसत असेल तर डिस्क बहुधा जिवंत आहे आणि बूटचा क्रम किंवा विंडोजची सुरुवातीची फाइल बिघडली आहे. बायोस रीसेट झाल्यावर डिस्कशी बोलायची पद्धत ‘एएचसीआय’वरून ‘रेड’वर (किंवा उलट; ही बायोसमधल्या दोन पर्यायांची नावं) जाऊ शकते आणि हाच संदेश किंवा निळी स्क्रीन येते. पूर्वीची पद्धत परत निवडली की सगळं जागच्या जागी. इथे कुणी ‘फॉरमॅट करावं लागेल’ म्हणालं तर हात धरा.

दुरुस्ती करून आणला तर बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची) की मागतोय.

मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट झालं किंवा सुरक्षा चिप रीसेट झाली की विंडोजला यंत्र अनोळखी वाटतं आणि ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन पहिल्या लॉगिनलाच आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे. ती नसेल तर डेटा परत मिळवायचा दुसरा रस्ता नाही, दुरुस्तीवाला कितीही हुशार असला तरी. म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी ही की कागदावर उतरवा.

रॅम वाढवायची आहे. कोणतीही घेतली तर चालेल?

नाही. डीडीआर४ च्या लॅपटॉप पट्टीला २६० पिन, डीडीआर५ ला २६२, आणि मधली खाच वेगळ्या जागी. जोर लावून बसवण्याचा प्रश्नच नाही. त्याआधी रॅम बदलता येते का तेच बघा: पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवर सोल्डर केलेली असते. टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात किती स्लॉट आहेत ते दिसतं. जुनी हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपचा वेग वाढवायचा असेल तर रॅमआधी एसएसडी घ्या. फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

लॅपटॉपवर पाणी सांडलं. तांदळात ठेवू का?

तांदूळ जेवणासाठी ठेवा. चार्जर लगेच ओढून काढा, पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, झाकण उघडं ठेवून तो उलट्या ‘व्ही’सारखा, कीबोर्ड खाली करून उभा करा. हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं पाहिजे. फाइल सेव्ह करत बसू नका.

पाण्यापेक्षा पाणी आणि वीज एकत्र असणं घातक. विजेच्या प्रवाहामुळे ओल्या तांब्याच्या रेघा काही तासांत हिरव्या पडून खाल्ल्या जातात. म्हणून आत बसवलेली बॅटरी सुटी करणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी बोर्डला जोडलेलीच असते हे लोक विसरतात. तांदूळ वरची ओल शोषतो, पण बोर्डवर उरलेले क्षार आणि साखर तो काढत नाही. हेअर ड्रायरने पाणी आणखी आत ढकललं जातं. दोन दिवस वाळवून सुरू केला आणि चालला, तरी बोर्ड उघडून ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवून घ्या. गोड पेय असेल तर हे टाळूच नका. साखरेचा थर महिनाभराने बिघाड दाखवतो. दुरुस्तीवाल्याला काय सांडलं ते खरं सांगा. आत ओल लागल्यावर लाल होणारी चिकटपट्टी बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, त्यामुळे लपत तसंही नाही.

कीबोर्ड अचानक बंद. एकही बटण चालत नाही.

उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली की विंडोजमध्ये फिल्टर कीज चालू होतात आणि पटकन दाबलेली बटणं मानलीच जात नाहीत. एखादं पुस्तक कीबोर्डवर पडलं तरी हे होतं. सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत बंद करा. एकाच ओळीतली चार-पाच बटणं मेली असतील तर कीबोर्डच्या आतली रेघ तुटलेली असते आणि तिला दुरुस्ती नाही. तोवर यूएसबी कीबोर्ड लावा.

चार्जर लावला की कर्सर नाचतो, आणि धातूच्या बॉडीला हात लावला तर मुंग्या येतात.

दोन्हीचं कारण बहुधा एकच: अर्थिंग नाही. चार्जरमधला गोंगाट गाळणारा कपॅसिटर अगदी थोडा विद्युतप्रवाह बाहेर सोडतो. तीन पिनचा प्लग आणि खरोखर जोडलेली अर्थ असेल तर तो तिकडे जातो, नसेल तर बॉडीवर साठतो. हलक्या मुंग्या ही बिघाडाची खूण नाही. तीन पिनचा प्लग, अर्थ तपासलेलं सॉकेट, बस. मुंग्यांऐवजी झटका बसला तर मात्र तो चार्जर पुन्हा वापरू नका.

वाय-फायचा पर्यायच गायब झाला.

वर सांगितलेलं ३० सेकंदांचं पॉवर बटण इथे बरेचदा कामी येतं. नाही आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसतं का बघा. कार्ड दिसतं पण राउटरच्या शेजारीच सिग्नल मिळतो, असं असेल तर कार्डावरून अँटेनाची नखाएवढी केबल निसटली आहे. विशेषतः नुकताच कुणी लॅपटॉप उघडला असेल तर.

रोज तारीख चुकते आणि वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणतात.

घड्याळाची बॅटरी गेली. जुन्या लॅपटॉपमध्ये ती ३ व्होल्टची नाण्यासारखी असते, बदलायला सोपी. चुकीच्या तारखेमुळे वेबसाइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं दिसतं, म्हणून तो इशारा.

झाकण उघडताना कट्ट आवाज आला आणि कोपरा उचकटला.

त्यानंतर झाकण एकदाही मिटू नका. बिजागरीचे स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसतात त्या तुटल्या आहेत, आणि दर उघडझापीला बिजागरी स्क्रीनची केबल आणि काच ओढते. नुसता गोंद टिकत नाही. घट्ट झालेली बिजागरी सैल करून मग खुंट्या पक्क्या कराव्या लागतात, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

‘मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल’ असं सांगितलं. विश्वास ठेवायचा का?

एकच प्रश्न विचारा: काय मोजलं? बोर्डवर कुठली व्होल्टेज लाइन येत नाही, कुठे शॉर्ट आहे, हे सांगता आलं तर निदान झालंय. ‘चालत नाही म्हणजे बोर्ड’ हे निदान नव्हे. चार्जिंगची चिप किंवा एखादा शॉर्ट झालेला कपॅसिटर बदलून बोर्ड चालू होऊ शकतो. असं काम करणाऱ्याला ‘चिप लेव्हल’ दुरुस्ती करणारा म्हणतात आणि दुसरं मत त्याच्याकडून घ्या.

देताना मॉडेल आणि सिरीयल नंबर, चार्जर दिला की नाही, झाकणावरचे आधीचे ओरखडे, हे सगळं पावतीवर लिहून घ्या. डिस्क सहज निघत असेल आणि बिघाड तिचा नसेल तर ती काढून स्वतःकडे ठेवा. पासवर्ड द्यायची गरज बहुतेक वेळा नसते. बायोस आणि पेनड्राइव्हवरून हार्डवेअर तपासता येतं. काढलेला जुना भाग परत मागा. आणि घेताना तिथेच चार्जिंग, दोन्ही बाजूंचे यूएसबी, वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि कीबोर्डची सगळी बटणं एकदा चालवून बघा. उघडताना सुटलेली केबल तिथल्या तिथे परत जोडून मिळते.